दहावर ठेवलेला खटका

दाजी म्हणजे वेल्डरच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनीच त्याला सायकलच्या नादाला लावलं. घाटात वारा तोंडावर घेत दाजी पुढे, त्यांच्या चाकाला चाक लावून हा मागे. माणूस वडिलांवर ठेवतो तसला विश्वास.

यंदा क्लबाच्या घाटशर्यतीच्या संघात एकच जागा उरली होती, आणि ती वेल्डरला मिळणार असं जो तो म्हणत होता. पण रस्ते धुक्याने भरलेले, म्हणून कोचने सगळ्यांना क्लबाच्या मागच्या खोलीतल्या रोइंग मशीनवर बसवलं. पाण्याचा टिपूस नाही आणि गडी वल्हवतायत. मशीनच्या चाकाला एक खटका, एक ते दहा; आकडा वाढला की ओढणं जड.

"दहावर ठेव," दाजी म्हणाले. "आपण सायकलवाले. जड गिअर मारल्याशिवाय मांडी भरते का कधी?"

वेल्डरला ते पटलं. सायकलवाल्याला पटणारच. तो दहावर ठेवून बैलासारखा ओढू लागला. थोड्याच दिवसांत कंबर अशी धरली, की दुकानात वाकून वेल्डिंगचा टाका मारायचा तर आधी भिंतीला हात. दाजींनी स्वतः मलम चोळून दिलं. "सुरुवातीला होतंच रे. सोडू नकोस."

त्याने सोडलं नाही.

एका सकाळी दुकानात वीज गेली म्हणून तो लवकरच क्लबात आला. मशीनवर दाजी. आधी पाय, मग पाठ, शेवटी हात, लोण्यातून सुरी फिरावी तसे. खटका चारावर.

"चारावर?" वेल्डरने विचारलं.

दाजी थांबले. "आज जरा अंग जड आहे."

तेवढ्यात कोच चहाचा कप घेऊन आत आला. "बरं झालं भेटलास. कंबर कशी आहे? जुनं दुखणं असेल तर आधी सांगायचं ना, गड्या. दाजी बोलले म्हणून कळलं. मग तुझ्या जागी त्यांनाच घेतलं."

"जुनं?" वेल्डर म्हणाला. "कंबर तर ह्याच मशीनने गेली. दहावर ओढून."

"दहावर? अरे, तो काय गिअर आहे? दहावर म्हणजे भरलेली होडी ओढणं. तीन-चारावर ठेवायचं, जोर पायातून. दाजींना तर मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं."

कोचने एकदा ह्याच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि कप घेऊन बाहेर गेला.

दाजी टॉवेलात तोंड पुसत बसले. पुसून झालं तरी पुसतच होते. "माझं हे शेवटचं वर्ष रे," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला मला कोण विचारणार?"

"मला विचारायचं होतंत," वेल्डर म्हणाला. "मी दिली असती जागा. हसत दिली असती."

"ताईला बोलू नकोस एवढं."

वेल्डर बाकावर बसला, बूट पायात सरकवले. नाडी बांधायला वाकला आणि अर्ध्यातच अडकला. दाजी सवयीने पुढे झाले, गुडघा टेकला, हात नाडीला लावला.

त्याने पाय मागे घेतला. "राहू द्या," म्हणाला, आणि भिंतीला धरून उठला. नाड्या तशाच ओढत तो दारापर्यंत गेला, आणि ताईच्या घराच्या रस्त्याला लागला.