मनकर्णाबाई पुढं चालल्या

धरणातून पाणी सोडलंय, खालची आळी रिकामी करा, असं भोंग्यावर सांगून झालं तेव्हा मनकर्णाबाईंनी पहिलं काम काय केलं? गॅसचं बटण बंद केलं. मग मेन स्विच पाडला. शेळ्या तर सकाळीच वरच्या आळीत, नणंदेकडं पोचवलेल्या. दुधना नदी फुगायला लागल्यापासून ही बाई आवराआवरच करत होती; आधार कार्डं, पासबुक, भाकरी, सगळं दुहेरी पिशवीत.

राहिले होते फक्त त्यांचे यजमान, किशनराव. कालच परभणीला त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, त्यावर हिरवी पट्टी. डाव्यात आधीपासूनच धुकं. गचका बसू देऊ नका, डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि माणसं न्यायला आलेला ट्रॅक्टर शाळेजवळ उभा, मधल्या गल्लीत गुडघाभर पाणी.

मनकर्णाबाईंनी खुंटीवरचा कासरा काढला. बैल हाकायची ती दोरी. एक टोक नवऱ्याच्या कमरेला, दुसरं आपल्या.

"मला काय बैल समजायलीस का?"

"बैलानं इतकं इचारलं नसतं. चला."

काठीनं जमीन चाचपत त्या पुढं निघाल्या, आणि इथंच किशनरावांचं घोडं अडलं. लग्नापासून ते पुढं अन् बायको मागं, मग बाजार असो की देऊळ. पाण्यापेक्षा त्यांना तेच जास्त टोचत होतं.

चावडीच्या उंच ओट्यावर शेजारचे माणिकराव पोरंबाळं वर ओढून घेत होते. त्यातही त्यांना थट्टा सुचलीच. "किशनराव, आज वरात उलटी की काय?"

झालं. किशनराव फुरफुरले आणि बायकोला वळसा घालून तरातरा पुढं झाले. दोन पावलं नीट पडली, तिसरं थेट पाण्याखालच्या नालीत.

मनकर्णाबाई ओरडल्या नाहीत. पाय रोवले, दोरी हाताला गुंडाळली आणि मागं झुकल्या. कासरा ताणला गेला, किशनराव छातीपर्यंत जाऊन थांबले.

"हलू नका. मान ताठ ठेवा. पट्टी भिजली का?"

"न्हाई."

"मग घाई काय हाय. उजवा हात भिंतीवर टेका. हां. आता डावा पाय वर."

गहू निवडता निवडता बोलावं, इतका तो आवाज निवांत. किशनराव त्या आवाजाला धरून वर आले. मग बायकोच्या मागं येऊन त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"माणिकराव," ओट्याच्या दिशेनं ते म्हणाले, "जिला दिसतंय ती पुढं. तुमी पोरं सांभाळा."

शाळेच्या व्हरांड्यात पोचल्यावर मात्र मनकर्णाबाई खाली बसल्या. भिंतीला टेकल्या, तर हात असे थरथरायला लागले की कमरेची गाठ सुटेना. किशनरावांनी चाचपत चाचपत ती सोडली.

"भ्यालतीस?"

"लय. तुमी खाली गेलात तवा तर जीवच गेला माजा."

"कळू दिलं न्हाईस."

"कळलं असतं तर जागेवर थांबला असता का तुमी?"

ट्रॅक्टर अजून भरायचा होता. कुणीतरी किशनरावांच्या हातात चहाचा कप दिला. त्यांनी तो सांडू न देता बायकोच्या आवाजाच्या दिशेनं पुढं केला.

"आधी तू घे."

तिनं घेतला. तिचा हात पुरता ठरेपर्यंत त्यांचा तळवा कपाखाली तसाच होता.