नवरीकडचा मेपल

जॉडीने लाकडी हातोडीने माझ्या झाडाच्या खोडावर ठोकलं आणि कान लावला. मग जरा वर ठोकलं, पुन्हा कान लावला. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला हसू येत होतं.

"चुकीच्या झाडाशी गेलीस गं!" मी ओरडलो. "दुखणाईत आहे ते पलीकडचं. डावीकडचं."

जॉडी ही आमच्या गावात झाडं छाटायचं काम करणारी मुलगी. आदल्या रात्रीच्या वादळात दारासमोरच्या दोन मेपलच्या झाडांपैकी एक सारखं करकरत होतं. कुठलं ते अंधारात दिसलं नव्हतं, म्हणून क्लॉडेटने, माझ्या बायकोने, सकाळीच तिला बोलावून घेतलं. मला मात्र पक्की खात्री होती.

आमच्या व्हरमाँटमध्ये, अमेरिकेच्या या थंड कोपऱ्यात, लग्न झालं की दारासमोर दोन मेपल लावतात, एक नवऱ्याचा, एक नवरीचा. आमचे मीच आणले होते. बर्फ वितळत असताना बापाच्या रानातून दोन रोपं उपटली, पानं यायच्या आधी. घराण्यात मेपलच्या रसाचा पाक करायचा धंदा, त्यामुळे साखरी मेपल ओळखायला मला पानं लागत नाहीत, अशी ऐट. पानं फुटली तेव्हा माझं रोप साखरीच निघालं, पानांच्या कडा गुळगुळीत. क्लॉडेटच्या रोपाच्या पानांच्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या. म्हणजे तांबडा मेपल, दलदलीत वाढतो तो. फांदीच्या टोकाचे डोळे नीट पाहिले असते तरी कळलं असतं, साखरीचे टोकदार आणि तपकिरी असतात, तांबड्याचे गोल आणि लाल. मी साल बघून घाई केली होती.

माझ्या आईच्या हातात कोलीतच मिळालं. क्लॉडेट गिरणीत राबणाऱ्या, कॅनडातल्या क्वेबेककडून आलेल्या माणसांची मुलगी. "गिरणीतली सून आणि दलदलीतलं झाड," आई म्हणाली. "जोडी छान जमली हो! मर्टन, उपटून टाक ते, दुसरं आण."

क्लॉडेट भांडी घासत होती. हात पुसत बाहेर आली. "कुणी हात लावायचा नाही. माझं आहे ते. मी बघीन त्याचं काय करायचं ते."

आणि बाईने बघितलं. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर पोरांसाठी रांधून यायची आणि संध्याकाळी झाडाशी जायची. झाडाने दोन शेंडे काढले, तर ऐन जुलैत शिडी लावून एक कापून टाकला. वसंतात का नाही कापलास, असं मी विचारलं.

"तेव्हा रस ठिबकत राहतो. पाकवाल्यांचा ना तू? एवढंही माहीत नाही?"

बुंध्याजवळची माती उकरून ती मुळं तपासायची. एक मूळ खोडाला विळखा घालायला निघालं होतं, ते छिन्नीने तोडलं. मी व्हरांड्यातून विचारायचो, "झाली का लेकीची वेणीफणी?" माझ्या झाडाला मी कधी कात्री लावली नाही. बापाच्या रानात कोण लावत होतं?

"मर्टनकाका, जरा इकडे येता?" जॉडीने हाक मारली. "करकरतंय ते हेच."

मी काठी टेकत गेलो. तिने शिडीवर उभं राहून बेचकं दाखवलं. दोन जाड खोडांच्या मधे साल दुमडून आत गेली होती आणि चीर पार खाली उतरली होती. तिने त्यात हात घालून मूठभर ओला भुसा काढला. खाली बुंध्यालाही एक मूळ करकचून आवळून बसलेलं.

"रानात झाडं दाटीत असतात, उजेडासाठी सरळ वर जातात," ती म्हणाली. "अंगणात मोकळं मिळालं की दोन शेंडे फुटतात. लहानपणीच एक काढायला हवा होता."

"आणि ते पलीकडचं?" मी विचारलं.

जॉडीने मान वर करून बघितलं. "ते ज्याने वाढवलंय ना काका, त्याला माझ्याकडे कामाला पाठवा."

क्लॉडेट आमचं बोलणं ऐकत मागे येऊन उभी राहिली होती. आता ती जन्मभराचं उट्टं काढणार, असं मला वाटलं. हक्कच होता तिचा. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तारेने बांधून धरता येईल का गं?" तिने जॉडीला विचारलं.

"येईल. दोन-चार हिवाळे निघतील. पण सुटलं तर सरळ त्या खोलीवर."

ती आमची निजायची खोली. खिडकीशी क्लॉडेटची उशी असते.

"बांध मग," क्लॉडेट म्हणाली.

"वेडी झालीस का?" मी म्हणालो.

"तू गप्प बस. नवऱ्याचं झाड आहे ते. लोक काय म्हणतात ते ठाऊक आहे मला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याचं झाड आधी जातं तो माणूस आधी जातो, असं आमच्याकडे म्हातारे म्हणतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. सासूला न भ्यालेली बाई या एका गोष्टीला भीत होती. मला इतकं भरून आलं की काठी हातातून सुटली.

"जॉडी, पाड ते," मी म्हणालो. "माझ्या बायकोच्या डोक्यावर पडणारं झाड मी माझं म्हणणार नाही."

"मर्टन..."

"मी कुठे जात नाही. गेलो तर तुला चिडवणार कोण?"

"अरे देवा, मग त्यासाठी तरी जा," ती म्हणाली, आणि डोळे पुसत मला काठी उचलून दिली.

दोन दिवस करवत चालली. शेवटचा ओंडका पडेपर्यंत ती माझा हात धरून उभी होती. आई असती तर तिलाही मी तिथे उभं केलं असतं आणि डावीकडे बघायला लावलं असतं.

सप्टेंबर संपता संपता क्लॉडेटचा मेपल रंगला. सगळं खोरं अजून हिरवं होतं आणि आमच्या अंगणातलं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लाल. रस्त्याने जाणारी एक परगावची गाडी थांबली. उतरलेला माणूस टोपी काढून नुसता वर बघत राहिला.

"काय झाड आहे हो! कुणी लावलं?"

खड्डा मी खणला होता, रोप मी आणलं होतं.

"माझ्या बायकोने," मी म्हणालो, आणि तिला हाक मारली.