वरच्या स्लॉटमधलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. नाव परकं वाटलं तरी दचकू नका, माझं काम अगदी साधं आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्हाला जे जे दिसतं, मग ती नवरीच्या शालूची जर असो की आजोबांच्या कपाळावरची आठी, ते सगळं एकेक ठिपका रंगवून मी पडद्याकडे पाठवतो. आवाज मात्र माझ्याकडे नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मला त्याचंच फार वाईट वाटणार आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे इतकी स्वच्छता होती की धुळीचा कण कसा असतो हे मला शेलूबाजारला येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. अंगावर तांब्याच्या बारीक रेघा, पाठीवर दोन पंखे आणि खालच्या काठाला सोनेरी दातांची एक ओळ, असं माझं रूप. माझ्याच घाण्यातला, म्हणजे एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालेला माझा एक जोडीदार होता. पुण्याच्या एका हौशी माणसाने आम्हा दोघांना एकाच कॅबिनेटमध्ये बसवलं. मी वरच्या स्लॉटमध्ये, तो खालच्या. स्लॉट म्हणजे आमचे दात ज्यात घट्ट रुततात ती लांबट खाच. कॅबिनेटची एक बाजू काचेची होती. त्या माणसाचे मित्र यायचे, काचेला नाक लावून आम्हाला पाहायचे आणि "दोन दोन कार्डं!" असं म्हणायचे. त्या दिवसांत माझा तोरा काही विचारू नका. मग आमच्या दोघांचं काम एकट्यानं करणारं नवं कार्ड निघालं आणि त्या माणसाची हौस एका दिवसात फिटली.

असे आम्ही कॅबिनेटसकट शेलूबाजारला गजेंद्रच्या फोटो स्टुडिओत आलो. हायवेला लागून, जीपा उभ्या राहतात त्या बाजूला त्याचं दुकान आहे. आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांतली लग्नं तो शूट करतो. इथे आल्यावर मला कळलं की आधीची सगळी वर्षं मी नुसत्या खोट्या लढाया रंगवण्यात घालवली होती. आता माझ्यातून खरी माणसं जाऊ लागली. हळदीनं माखलेली, रुसलेली, पंगतीत जिलेबीसाठी मान उंच करणारी, पाठवणीला तोंड फिरवून डोळे पुसणारी. मी वर आणि जोडीदार खाली, आम्ही काम वाटून घ्यायचो आणि लग्नाची अख्खी फिल्म एका दिवसात तयार करून द्यायचो.

गजेंद्रचे वडील रंगराव आता घरीच असतात, पण स्टुडिओ त्यांनीच सुरू केला. त्यांचा एक नियम होता, की कच्चं काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर येऊ द्यायचं नाही. रंग, संगीत, नावं, सगळं लागल्यावरच दाखवायचं. गजेंद्र तो नियम देवाच्या नेमासारखा पाळायचा. मलाही तो नियम फार आवडायचा. चांगलं दिसण्याचा अभिमान कोणाला नसतो?

वैशाखात जगदेव नावाच्या, माळवं म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न होतं. जगदेव आणि त्याची बायको तुळसाबाई दोघं मिळून मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवायचे आणि बाजाराच्या दिवशी शेलूबाजारला आणून विकायचे. जगदेव अबोल माणूस. पुढचा एक दात पडलेला, म्हणून हसायची वेळ आली की तोंडावर हात धरायचा. लग्नात गजेंद्रनं कॅमेरा त्याच्यासमोर नेला आणि म्हणाला, "काका, दोन शब्द बोला न." जगदेव मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. तो आधी नाही नाही म्हणाला आणि मग एकदम बोलला. तुळसाबाई त्या वेळी मागे स्वयंपाकाच्या कढयांपाशी होती. लोकांनी तिला नंतर सांगितलं, "तुह्यासाठी बोलला वं तो, अन् मोकळा हासला." तिचा विश्वास बसेना. ती म्हणायची, फिल्म आली की पाहीन.

श्रावणात जगदेव वाफ्याला पाणी देता देता बसला तो उठलाच नाही.

घरात त्याचा म्हणावा असा फोटो नव्हता. आधार कार्डावरचा फोटो गजेंद्रनं मोठा करून दिला. तो मीच रंगवला होता. त्यात जगदेव असा दिसत होता जणू कुणीतरी त्याला दटावून बसवलंय. तुळसाबाई दुकानात उभी राहून तो फोटो बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हा कोण होय, बापू? माहा माणूस असा नव्हता. लग्नातला हासता दाखव मले."

"फिल्म बनली का दाखवतोच, मावशी," गजेंद्र म्हणाला. "लग्नसराईच्या लय फिल्मा साचल्या हायत. दसरा होऊ द्या."

त्याच महिन्यात तिच्या डोळ्यांचं कळलं. आधी सगळे म्हणत होते, रडून रडून डोळे अधू झाले. वैष्णवी तिला वाशिमला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. फार उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

आता मित्रांनो, खंडेनवमीची गोष्ट. आपल्याकडे त्या दिवशी शेतकरी वखर-विळे पुजतो, सुतार करवत पुजतो. गजेंद्रनं कॅमेरे मांडले आणि आमचं कॅबिनेट आडवं ठेवून, काच काढून, आतली धूळ पुसली. त्याची आई जिजाबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिनं कॅमेऱ्यांना कुंकू लावलं आणि मग तिची नजर आमच्यावर गेली. "पोट तर याह्यच्यावरच भरते," असं म्हणून तिनं ओल्या कुंकवाचं भरलेलं बोट माझ्या पाठीवर टेकवलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं. आजवर मला हात लागले ते स्क्रू पिळायला किंवा धूळ झटकायला. माया म्हणून लागलेलं बोट ते पहिलं. मी इतका सुखावलो की ते कुंकू ओघळत खाली जातंय, माझ्या दातांवरून स्लॉटमध्ये उतरतंय, हे कळूनही मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पूजेच्या दिवशी अवजाराला कामाला लावत नाहीत. दोन दिवस यंत्र बंद राहिलं. कुंकू आणि नारळाचं पाणी स्लॉटच्या तळाशी सुकून घट्ट बसलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गजेंद्रनं वैष्णवीच्या लग्नाची फिल्म उघडली. पाच मिनिटांत पडद्यावर हिरव्या-जांभळ्या रेघा आल्या, चित्र गोठलं, पंखे घों घों करू लागले आणि सगळं काळं झालं.

त्यानं काय काय नाही केलं! आमचा ड्रायव्हर, म्हणजे आम्हाला चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा टाकला. पडद्याची वायर बदलली. लाइन कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर बदलला. शेवटी वाशिमहून प्रसेनजितला बोलावलं. प्रसेनजित कॉम्प्युटर दुरुस्तीत हुशार, पण कायम घाईत. त्यानं मला उपसलं. माझे दात लाल दिसले तेव्हा त्याला वाटलं, गंज चढलाय. त्यानं शाळेतल्या खोडरबरानं दात घासले, मला परत त्याच स्लॉटमध्ये बसवलं. पुन्हा रेघा. मग मला काढून यंत्र एकट्या जोडीदारावर चालवलं, तर ते सुरळीत चाललं.

"वरचं कार्ड मेलं, गजूभाऊ," प्रसेनजित म्हणाला. "एकट्या कार्डावर अख्खी फिल्म नाई निघत. असंच जुनं दुसरं मागवा लागते. येईल वीस-एक दिवसात."

"दुसऱ्या जागी लावून पाहतं काय याले एकदा?"

"काय पाहाचं त्यात! सरळ दिसून राह्यलं न. माही जीप निघाली, चाललो मी."

मला खालच्या स्लॉटमध्ये एकदा बसवून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की मी धडधाकट आहे आणि दुखणं जागेत आहे. मी ओरडून सांगितलं असतं, पण मी फक्त दाखवू शकतो आणि दाखवायला मला पडदा लागतो. मला काउंटरच्या काचेखाली, जुन्या फ्रेमा आणि सुकलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी ठेवून दिलं. तिथून मला दुकानाचं दार दिसायचं.

त्या दारातून तुळसाबाई दर बाजाराला यायची. पहिल्या वेळी एकटी आली, गजेंद्रला मेथीची जुडी दिली आणि विचारलं, "झाली काय रे फिल्म?" पुढच्या बाजाराला तिनं चौकटीला हात लावून उंबरा चाचपला. त्या दिवशीच्या कोथिंबिरीत अर्धं गवत होतं. मित्रांनो, जन्मभर माळवं निवडलेल्या बाईच्या जुडीत गवत! गजेंद्रनं ते पाहिलं आणि जुडी आत ठेवली. तिसऱ्या वेळी वैष्णवी तिचा हात धरून आली होती.

"भाऊ," वैष्णवी म्हणाली, "बाबा बोलले तेवढंच द्या न मोबाइलवर टाकून. मायले आता जवळून-जवळून दिसते थोडंसं."

"कच्चं कायले दाखवू वं? रंग नाई, काई नाई. मांगं डीजेचा भोंगा हाय. काकाचं शेवटचं होय ते, चांगलंच करून देतो. कार्ड आलं का एका दिवसाचं काम हाय."

त्याच्या मनात पाप नव्हतं. उलट जगदेवचं हसू नीट उजळून, नीट सजवून तिच्या पुढ्यात ठेवावं असंच त्याला मनापासून वाटत होतं. पण तेवढा तुकडा काढून द्यायला माझा एकटा जोडीदारही पुरेसा होता. चहा गार व्हायच्या आत झालं असतं. वैष्णवीनं मान हलवली आणि ती मायला घेऊन बाजाराकडे निघाली. जाताना तुळसाबाई दुकानाच्या पायरीवरून चुकून घसरली, तेव्हा मी काचेखाली पडल्या पडल्या रडलो.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं. नवं म्हणजे माझ्यासारखंच जुनं कार्ड आलं. ते वरच्या स्लॉटमध्ये बसवलं आणि पुन्हा त्याच हिरव्या-जांभळ्या रेघा! आता प्रसेनजितचा चेहरा उतरला. या वेळी त्यानं जीपचं नाव काढलं नाही. मोबाइलचा उजेड स्लॉटमध्ये पाडला, काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला. कापूस लाल होऊन आला.

"कायाचं असन हे?" गजेंद्रनं विचारलं.

जिजाबाई त्याचा डबा घेऊन आलेली होती. तिनं कापूस हातात घेतला, वास घेतला. "माह्या हातचं कुंकू होय हे," ती म्हणाली आणि तिथेच खुर्चीवर बसली. मला बोलता येत असतं तर सांगितलं असतं, की माय, तुझ्या बोटात काही वाईट नव्हतं. उघड्या यंत्राला ओलं चालत नाही, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

स्लॉट साफ झाला, नवं कार्ड परत खोक्यात गेलं. प्रसेनजितनं मला काउंटरखालून काढलं, "चुकलं बाप्पा माह्यं," असं पुटपुटत माझ्या जुन्या जागी बसवलं. मी आणि जोडीदार त्या दिवशी जसे राबलो तसे आयुष्यात कधी राबलो नाही. जगदेवच्या चेहऱ्यावरचा एकेक ठिपका मी जीव ओतून रंगवला. दुसऱ्या दिवशी दुपारी गजेंद्रनं तुळसाबाईला आणायला गाडी पाठवली.

वैष्णवीनं तिला पडद्यासमोर बसवलं. फिल्म लागली. तुळसाबाईचा चेहरा पडद्याच्या थोडा डावीकडे, भिंतीकडे वळलेला होता. गजेंद्रला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं फिल्म थांबवली.

"काहून थांबला?" ती म्हणाली. "मले आता नाई दिसत, बापू. चार दिस झाले, उजेड-अंधार तेवढा समजते. तू लाव. ऐकतो मी."

जगदेव बोलू लागला. "मी काय बोलू? बोलाचं ते आजलोक हिनंच बोललं. लोक म्हणतात जगदेवनं मळा फुलवला. मी निस्तं पाणी देल्लं. मळा हिचा, पोरगीही हिचीच." आणि तो हसला. तोंडावर हात न धरता.

"दात दिसते काय वं त्याचा पडेल?" तुळसाबाईनं विचारलं.

"दिसते, माय," वैष्णवी रडत म्हणाली. "समदं तोंड उघडून हासून राह्यले बाबा."

तुळसाबाईनं हात पुढे केला. तो पडद्यावर टेकला, पण मंडपाच्या खांबावर. गजेंद्रनं चित्र थांबवलं, तिचं मनगट धरलं आणि बोटं हळूच सरकवून जगदेवच्या गालावर ठेवली. "इथं हायत काका," तो म्हणाला. "मले माफ कर, मावशी." माझ्यामुळे पडद्याला जेवढी ऊब येते तेवढीच तिच्या बोटांना लागली असेल. सहा आठवड्यांपूर्वी माझ्या हातून चित्र गोठायचं ते बिघाडानं. त्या दुपारी मी ते मुद्दाम धरून ठेवलं, आणि तिनं हात काढेपर्यंत हलू दिलं नाही.

त्यानंतर रंगरावांचा नियम दुकानात उरला नाही. आता गजेंद्र लग्नाहून आला की आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं तसंच्या तसं, डीजेच्या भोंग्यासकट, त्याच संध्याकाळी पाठवून देतो. पुढच्या खंडेनवमीला जिजाबाई ताट घेऊन आली आणि घुटमळली. गजेंद्रनंच कॅबिनेटची काच बंद केली आणि म्हणाला, "लाव माय, बाहेरून लाव." ते बोट अजून काचेवर आहे.

मित्रांनो, यंत्र अडलं तर ते उघडून नीट बघा. त्याला मेलं म्हणण्याआधी एकदा जागा बदलून पाहा. माणसांनाही हेच लागू आहे. आणि कोणी तुमच्याकडे काही बघायला मागितलं, तर ते सजवण्यासाठी थांबू नका, असेल तसं हातात द्या.

तुळसाबाई अजूनही बाजाराच्या दिवशी वैष्णवीच्या आधारानं दुकानात येते. भाजीची टोपली बाहेर ठेवते, खुर्चीवर बसते आणि म्हणते, "लाव बापू." गजेंद्र लावतो. एकदा तो म्हणाला, नुसता आवाज मोबाइलमध्ये भरून देतो, घरी ऐकत जा. ती म्हणाली, "नाई, इथंच बरा हाय तो." मग मी जगदेव रंगवायला घेतो. खांब, फेटा, गाल, पडलेला दात. ती बघत नाही म्हणून एकही ठिपका मी आजवर गाळलेला नाही.