उशीची चेन

उशी घ्यायला दोन माणसं लागतात हे मला त्या दुकानात गेल्यावर कळलं. एकाने नमुन्याच्या पलंगावर कुशीवर झोपायचं आणि दुसऱ्याने पायाशी उभं राहून त्याची मान बघायची. आई चपला हातात घेऊन पलंगाजवळ उभी. काही केल्या आडवी होईना.

"भर दुपारी, चार लोकांत झोपू? लाज आहे की नाही काही?"

"आई, इथे सगळे झोपायलाच येतात."

झोपली एकदाची, पण पदर गच्च धरून. दुकानातली बाई समजूतदार होती. तिने उशीची चेन उघडून आतला फोम दाखवला. एकसंध लादी नव्हती ती, नुसते बारीक तुकडे होते. उंच वाटली तर मूठभर काढा, दबली तर परत भरा, काढलेलं पिशवीत जपून ठेवा, म्हणाली. आई ताडकन उठून बसली.

"पैसे मोजून भरलेली उशी घ्यायची आणि घरी जाऊन रिकामी करायची? हे बरं आहे!"

आईच्या मानेचा मणका दबलाय. उजव्या हाताला सतत मुंग्या. गाऊनची बटणं तिला लावता येत नाहीत, रोज सकाळी मीच लावते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, व्यायाम करा, झोपेत मान सरळ ठेवा, आणि हाताची ताकद आणखी गेली तर ऑपरेशन. ऑपरेशन म्हटलं की आईचं तोंड एवढंसं होतं. तिची थोरली बहीण ऑपरेशनला आत गेली ती परत आली नाही. त्यामुळे त्या उशीकडे मी उशी म्हणून बघतच नव्हते.

मी कवळ्या करते. मेणात एकेक दात बसवायचा, रेघ जुळवायची. केसभर चुकलं तरी माणूस जेवताना गाल चावतो. दिवसभर खाली बघून माझीही मान धरते, पण ते असो. रेघ मात्र मला कळते. आठवडाभर मी आईला कुशीवर निजवून नाकापासून छातीपर्यंत नजर लावत होते. मूठभर काढ, चिमूटभर घाल. नवरा म्हणायचा, "अगं, मीठ घालतेस की फोम?" आणि एका सकाळी आई उठली, बोटं उघडली, मिटली, आणि म्हणाली, "आज मुंग्या नाहीत गं." मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

महिनाभर बरं चाललं. मग मुंग्या परत आल्या. हातातून कप सुटला. बघते तर उशी बसलेली. मी पिशवीतला राखीव फोम घालायला गेले, तर पिशवीच रिकामी. मला वाटलं, कचरा समजून फेकली असेल कुणीतरी. नवऱ्यावर खेकसले. तो बिचारा म्हणाला, "मी आजवर या घरात काही फेकायची हिंमत केलीय का?"

मग मी उशी उचलली आणि तडक दुकानात. तुमचा माल हलका, महिन्यात बसला, काय वाट्टेल ते बोलले. बाईने शांतपणे चेन उघडली, आत कोपरापर्यंत हात घातला.

"ताई, हा दबलेला नाही. काढलाय. निम्मासुद्धा उरला नाही यात."

घरी आले. आई खिडकीपाशी बसली होती.

"आई, उशीतला फोम कुठे गेला?"

"मला काय ठाऊक?"

"आई."

तिने नजर चुकवली. "दादाला दिला थोडा. त्याची मान अवघडते गं. सारखी गाडी चालवतो."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माशांच्या काचेच्या टाक्या बनवतो, गाडीत घालून गिऱ्हाइकांकडे पोचवतो, जुन्या दुरुस्तीला आणतो. रविवारी येतो, चहा पितो, चहा संपायच्या आत घड्याळ बघतो. आईच्या मानेबद्दल त्याने एवढंच विचारलं होतं, "काय म्हणते मान?" आणि उत्तराआधी फोन घेतला होता.

"अगं, पण नुसता फोम घेऊन तो काय करणार?"

"उशी शिवून दिली मी. माझ्या जुन्या साडीची. अजून आहे का म्हणून विचारलं त्याने परत, मग आणखी एक दिली. म्हणजे गुण आला असणार ना?"

"शिवून? कुणी शिवून दिली?"

"मीच. तू कामाला गेलीस की."

ज्या हाताला बटण लागत नाही, त्या हाताने सुईत दोरा ओवला होता. माझ्यासमोर रोज सकाळी लहान मुलीसारखी उभी राहते, लाव गं म्हणते. आणि त्याच्यासाठी दोन उश्या!

"तुझं ऑपरेशन करावं लागेल, कळतंय का तुला?" मी ओरडलेच. "मला सांगायचं तरी! आणि माझी मान दुखत नाही का? एकदा तरी विचारलंस?"

"तू काय गं," आई म्हणाली. अगदी सहज. "तू आहेस ना घरात. तू आणशील आणखी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे? मी तशीच दादाच्या दुकानी गेले. फोम परत आणायचा, दुसरं काही बोलायचं नाही, असं ठरवून गेले.

"आले आमचे हवालदार!" दादा हसला. लहानपणापासून मला हेच म्हणतो. गाडीत टाक्या चढवत होता.

"आईने दिलेल्या उश्या कुठायत?"

"त्या होय? एक नंबर आहेत. थांब, दाखवतो."

त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. आत एक मोठी टाकी, आणि टाकीखाली आईची जांभळी साडी. पाण्याने ओली, शेवाळाचा वास मारणारी. कडेने टाके वेडेवाकडे, कुठे लांब, कुठे एकावर एक. एका कोपऱ्यावर तपकिरी डाग होता. सुई बोटात गेली असणार. तिला कळलंही नसेल.

"काच हलत नाही बघ. आधी गाडी खड्ड्यात गेली की तडा जायचा. अजून असेल तर पाठव म्हणावं."

"दादा, तुझी मान दुखते ना?"

"माझी? छे. म्हटलं असेन कधीतरी. का गं?"

शिव्या अगदी ओठांवर आल्या होत्या. देऊन काय होणार होतं? त्याने ती उशी ओढून माझ्यापुढे धरली. "हवी तर घेऊन जा बाई, एवढं काय त्यात!" उशीतून पाणी ठिबकत होतं. मी नको म्हटलं आणि निघाले. वाटेत उशीच्या दुकानातून फोमची नवी पिशवी घेतली. घरी येऊन उशी भरली, आणि चेनवर दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवण घातली. रागारागाने सुई ओढताना माझ्या मानेत चमक भरली.

आई दाराशी येऊन उभी राहिली.

"गेली होतीस ना त्याच्याकडे? बरं वाटतंय का त्याला?"

सगळं सांगणारच होते. टाकी, पाणी, वास, सगळं. पण तिच्या तोंडाकडे बघितलं. मुंग्या गेल्या त्या सकाळीसुद्धा तिचा चेहरा असा नव्हता.

"बरं वाटतंय," मी म्हटलं. "आता अजिबात दुखत नाही म्हणाला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" आईने उजवा हात दुसऱ्या हाताने उचलून छातीशी धरला. मग तिचं लक्ष उशीकडे गेलं. "अगं, हे काय, चेन शिवून टाकलीस? उसव ती. परत मागितलं त्याने तर कुठून द्यायचं?"

मी दोरा तोडला आणि उठून उभी राहिले.

"आणि मान अशी वाकडी काय धरलीयस?" आई म्हणाली. "सरळ उभी राहा. बघवत नाही."