परत केलेली ताडी

आमच्या भागात विधानसभेची उमेदवारी गावागावांतून फिरते. बाबांच्या गावाची, इकोट एसेमची पाळी आली तेव्हा गावाने आईला सांगितलं, "तू इथली सून. माहेरच्या पाळीची वाट बघ."

तिने बघितली. तोवर दुसऱ्यांच्या सभांना बायका जमवल्या, गावाच्या पाण्यासाठी मंत्र्यांच्या दारात बसून राहिली, प्रचारात घसा बसवून घरी आली. बाबा गरम पाण्यात आलं घालून पुढे करत विचारायचे, "काय आरित, आज कुणाला निवडून आणलंस?"

मग बाबा गेले. रिवाजाप्रमाणे त्यांना अंगणातच पुरलं, शेजारची जागा आईसाठी सोडून.

त्यानंतर माहेरची पाळी आली. बैठकीत आईचे सख्खे काका, ओकोन आजोबा, घसा खाकरून म्हणाले, "पोरी, तुझ्याइतकं काम कुणी केलेलं नाही. पण एतीमच्या घरून आलेली तुझ्या लग्नाची ताडी आम्ही प्यायलोय. तू एतीमची बायको."

"काका, एतीम गेला."

"नवरा जातो. लग्न कुठे जातं? ताडी सासरी परत कर. मग तू आमची लेक, आणि मग कोण आडवं येतं ते मी बघतो."

मागून एक मावशी ओरडली, "आणि पुरुष उभा राहिला तर तो काय परत करतो हो?"

"तो आणखी पितो!" दुसरी म्हणाली. सगळे हसले. आईसुद्धा.

घरी मात्र मी बाळाला पाजता पाजता तिच्याशी भांडले. "ताडी परत केलीस की ते घर संपलं, आई. बाबांशेजारची जागासुद्धा."

"ठाऊक आहे."

"मग?"

ती बाळाच्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिली. "तुझे बाबा असते तर 'जा' म्हणाले असते. रोज स्वतःला हेच सांगते. म्हणाले असते ना गं?"

मी बाळाला खांद्यावर घेतलं आणि थोपटायला लागले.

ती ताडीने भरलेला पोकळ भोपळा घेऊन सासरच्यांकडे गेली तेव्हा मी सोबत होते. उदेमेकाका, बाबांचे धाकटे भाऊ, हात जोडून उभे राहिले. "वहिनी, घरी न्या तो. आम्ही काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही."

आईने भोपळा त्यांच्या पायाशी ठेवला. काकांनी पेला भरला, एकच घोट घेतला आणि तोंड फिरवलं. झालं.

आई निवडून आली. इकोट एसेमला डांबरी रस्ता तिनेच आणला.

बाबांच्या स्मृतिदिनाला आम्ही त्याच रस्त्याने गेलो. मांडवात पाहुण्यांच्या रांगेत काकांनी खुर्ची ओढली. "बसा, आमदारबाई." पलीकडे घरच्या सुना-लेकी थडग्याला चुना लावत होत्या. आई उठली, लुगड्याचा काठ खोचला, कुंचला उचलला. काकूने तो हळूच तिच्या हातातून घेतला.

"राहू द्या हो. पाहुण्यांना का कामाला लावायचं?"

त्यात टोमणा नव्हता. काकू मायेनेच बोलली होती.

आई परत खुर्चीवर येऊन बसली. थंड पेयाची बाटली कुणीतरी हातात दिली, ती तशीच धरून ठेवली. जरा वेळाने माझ्याकडे झुकली.

"त्यांच्या उशाशी गवत माजलंय. तू लेक आहेस, तुला चालतं. तेवढं उपट."

मी बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि गेले.