मिरचीने भरलेल्या अंड्याचा सूड

मी मिरचीने भरलेले अंडे बोलत आहे. कवच फुटले, राग मात्र शाबूत आहे.

मारागोलीच्या टेकड्यांत, कागेहाच्या परसात, मक्याच्या कणगीखालच्या घरट्यात माझा जन्म झाला. माझ्या आधीची पाच भावंडे माझ्या जन्मदात्या कोंबडीनेच फोडून खाल्ली होती. आळ मात्र घरच्या सुनेवर, मिदेवावर आला. तिथल्या घरांत बाईमाणसाने अंडे खायचे नसते. खाल्ले, तर खादाड ठरवून तिला माहेरी धाडतात.

सासू कागेहाने झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांपुढे सांगून टाकले, "मिदेवा टरफलसुद्धा मागे ठेवत नाही! माझी सून आहे की मुंगूस? रविवारची प्रार्थना होऊ दे, पोचवतेच तिला बापाच्या दारी."

मिदेवा वाद घालत बसली नाही. तिने मला उचलले आणि सासरे आसावा यांच्यासमोर काट्याने दोन भोके पाडली. फुंकर घालून माझ्या आतले सारे त्यांच्या वाडग्यात उतरवले.

"मामंजी, बघून घ्या. थेंबही माझ्या जिभेला लागला नाही."

"बघतोय. मीठ आण."

मग तिने माझ्यात लाल मिरचीचा वाटलेला गोळा भरला, मक्याच्या उकडीने भोके बुजवली आणि मला घरट्यात ठेवले. 'प्रभू, हिची चोच जाळ,' अशी मी प्रार्थना केली. अशी प्रार्थना करू नये, हे मला ठाऊक होते.

कोंबडी आली. तिने मला फोडले आणि चवीने खाल्ले. पाखरांना मिरची झोंबत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. पण तिची चोच डोळ्यांपर्यंत लाल झाली होती.

मिदेवाने कोंबडी धरून सासू-सासऱ्यांपुढे आणली.

"रक्त आहे ते," कागेहा म्हणाली. "घुशीशी भांडली असेल."

"चाखून बघ," आसावा म्हणाले.

कागेहाने चोचीवर बोट फिरवून जिभेला लावले आणि ती पाण्याच्या घड्याकडे धावली. ती आग माझी होती. तिच्या डोळ्यांतले पाणी मी तृप्तीने पाहिले.

"कोंबडीला अंड्यांची चव लावली कोणी?" आसावांनी विचारले.

मिदेवाने चुलीपाशी पडलेल्या टरफलांकडे बोट दाखवले. नवऱ्यासाठी उकडलेल्या अंड्यांची टरफले कागेहा न कुटता, अर्धी अर्धी, तशीच कोंबड्यांपुढे टाकत असे. ते कळल्यावर कोंबडीवरचा माझा राग उतरला. तो योग्य जागी गेला.

दुसऱ्या सकाळी मिदेवा माझे तुकडे केळीच्या पानात बांधून झऱ्यावर गेली.

"कोंबडीच खात होती म्हणे," असे बायकांपुढे पुटपुटून कागेहा पाणी भरायला वाकली. मिदेवाने आपला घडा धारेखाली सरकवला.

"आई, माझं नाव घेऊन बोला. त्या दिवशी घेतलं होतंत."

बायका घडे खाली ठेवून बघू लागल्या.

"मिदेवानं खाल्ली नाहीत."

"मोठ्यानं."

"मिदेवानं खाल्ली नाहीत! मी खोटं बोलले."

तेव्हा कुठे मिदेवाने घडा बाजूला केला. रविवारी ती माहेरी गेली नाही, प्रार्थनेला गेली.

आता घरट्यात पांढरा गोल दगड असतो. कोंबडी अंडे समजून त्यावर चोच मारते, ती दुखली की सोडून देते. कागेहा टरफले कुटून, पीठ करूनच कोंबड्यांना घालते. कोंबड्या पाळणाऱ्यांनी एवढे करावे, आणि कोणावर आळ घेण्याआधी चोच पाहावी.

मिदेवाने सासूला क्षमा केली. ती देवाला मानणारी आहे. माझे तुकडे तिने झऱ्याकाठच्या दगडावर ठेवले. कागेहा रोज पाण्याला येते आणि मला पाहून मान वळवते. पाऊस वाहून नेईपर्यंत मी तिच्या वाटेवरून हलणार नाही.