ड्रिलमधली देवी आणि बाबांच्या खडावा

तिरोड्याजवळच्या एका अर्धवट बांधलेल्या घरात नारळांचा ढीग पडला होता. मधोमध पाटावर, कुंकवाने माखलेलं, भोजराज मिस्त्रीचं जुनं ड्रिल. अंग लोखंडी, वजन रेडकाएवढं, वायर बोर्डात. चपला काढायच्या, हातपाय धुवायचे आणि ओल्या पायांनीच बोट टेकवायचं. हात झणाणला की गर्दी ओरडे, "देवी जागृत हाये!"

झणकारबाबा मात्र लाकडी खडावांवर उभे. "ही साक्षात कंपनमाता! सामान्यांना झटका, तपस्व्याला गारवा!" असं म्हणत ते ड्रिलला गाईसारखं थोपटत.

मिस्त्रीची बायको नंदाबाई धुमसत होती. उद्या माता बाबांच्या मठात जाणार. म्हणजे ड्रिल जाणार. म्हणजे घरची चूलच जाणार. आणि नवरा हात जोडून रडत होता!

"अवो, पोट भरायचं सामान कायले देऊन राहिले?"

"गप वं! देवीले खाटेखाली ठेवू का?"

"इतके वर्सं कुठं होती मंग?"

सकाळी तिनं चपला घालूनच ड्रिलवरचं कुंकू पुसलं होतं, वायर तेव्हाही बोर्डातच होती, पण हात झणाणला नव्हता. तेव्हा देवी झोपली होती काय? ती पुढं झाली. "बाबाजी, आमाले चपला काढाले लावता, तुमच्या खडावा काऊन नाई निघत?"

"खरं हाये! काढा, बाबाजी!" गर्दीलाही पटलं.

बाबा मागे सरले. भक्तांच्या पायधुणीच्या पाण्यावर घसरले. एक खडाव नारळांत, दुसरी दाराबाहेर आणि हात थेट मातेवर!

बाबा थयथय नाचू लागले.

"बाबाच्या अंगात आली!" लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

"अबे, माता-वाता कुछ नहीं! करंट है, करंट! बटन बंद करो!"

नंदाबाईनं बटन दाबलं. माता शांत झाली, बाबाही. तिनं प्लग उपसून नवऱ्यापुढं धरला. "तिसरी पिन कुठं गेली?"

भोजराज पुटपुटला, "बोर्डात दोनच भोकं होती. मंग पक्कडनं कापली."

एवढाच चमत्कार. आतली वायर उघडी पडून लोखंडाला टेकली होती. करंट जमिनीत नेणारी पिन कापलेली, म्हणून तो ओल्या पायांतून वाट काढत होता. कोरड्या लाकडातून त्याला वाट नव्हती, ते बाबांचं तप!

झटका हलका होता हे नशीब. जोराचा असता तर हार मातेला नाही, भक्ताच्या फोटोला लागला असता. म्हणून हात झणाणला तर आधी बटन बंद करा, वायरमनला बोलवा आणि 'असं का?' हे विचारायला लाजू नका.

दुरुस्त झालेलं ड्रिल उचलताना भोजराजनं सवयीनं चपला काढल्या.

"घाला त्या!" नंदाबाई खेकसली.

भोजराजनं चपला घातल्या आणि मगच ड्रिल उचललं.